दाराला बांधलेली फीत

आजारपण हे निव्वळ रिकामपणाचं लक्षण आहे, असं मानणारे पुष्कळ असतील. पण तसं मानून अख्खं हायस्कूल चालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. कन्नडच्या अलीकडं त्यांनी शाळा काढली, स्वतः संस्थेचे अध्यक्ष झाले आणि मला तिथं मास्तर म्हणून चिकटवलं. त्यांच्या वैद्यकात औषधं दोनच. डोकं दुखलं तर "पाणी पी" आणि पोट दुखलं तर "घरी जा". मोठ्या मुलींना महिन्यातून एकदा तरी हे दुसरं औषध घ्यावंच लागे आणि त्यांची शाळा बुडे. मुलांसाठी आरोग्य कक्ष हवा, असं मी दर बैठकीत सांगायचो. मामांचं उत्तर ठरलेलं. "पोरं आजारी पडायला शाळेत येतेत व्हय?" शिवाय खोली नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यात पाहुण्यांचा सोफा राहत होता.

मग कन्नडच्या एका शाळेनं आरोग्य कक्ष काढला आणि एसटीतून दिसेल अशी पाटी लावली. मुलांच्या दुखण्यांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं, ते त्या पाटीनं एका दिवसात केलं. मामांनी सोफा हलवला, कॉट आणली, रोज येणाऱ्या सिस्टर नेमल्या आणि गुलमंडीच्या बाजारातून जांभळी साटिनची फीत आणून दाराला आडवी बांधली. ती कापायला तालुक्याचे एक बडे पुढारी येणार होते. साहेबांना आधी लग्नं आली, मग आचारसंहिता आली. तोवर आत जायला सक्त मनाई. सिस्टर व्हरांड्यात स्टुलावर औषधांचा डबा मांडून बसायच्या, आणि तापानं फणफणलेली पोरं फरशीवर पडून आतल्या कोऱ्या कॉटकडं बघायची. मामा येता-जाता फितीची गाठ नीट करायचे. आपणच कापू या म्हटलं की विचारायचे, "तुझा फोटो पेपरात छापतेत का?"

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी नववीतली एक मुलगी पोट धरून खाली बसली. लांबच्या धनगरवस्तीवरून चालत यायची. मामा समोरच उभे होते. सवयीनं म्हणाले, "घरी जा, बाई."

"घरी कोन नाय. आई-बाप मेंढरं घेऊन लई लांब गेलेत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"तिला आडवं करावं लागंल, अध्यक्षसाहेब," सिस्टर म्हणाल्या.

मामांनी मुलीकडं पाहिलं, फितीकडं पाहिलं. पाहुण्यांचा मान, पेपरातला फोटो, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसत होतं. मग ते दाराशी गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी फीत वर उचलली. "कापायला साहेब लागतेत. वाकायला कोन लागतंय? ये, खालून ये." मामांची उंची बेताची, त्यामुळं पोरीला चांगलंच वाकावं लागलं. तिच्यामागून सिस्टर आत गेल्या. मामा हात वर धरून तसेच उभे राहिले, आणखी कुणी यायचं आहे का ते बघत.

साहेब काही आलेच नाहीत. मामाही गेल्या उन्हाळ्यात गेले. फीत त्याआधीच विरून पडली होती. पण मुलं अजून त्या दारातून वाकूनच आत जातात. थोरल्यांचं बघून धाकटी वाकतात, का ते एकालाही ठाऊक नाही. परवा माझं डोकं चढलं म्हणून मीही गेलो, आणि रिकाम्या दाराशी आपसूक वाकलो. "आधी पाणी प्या, सर," सिस्टर म्हणाल्या. मामांची फार आठवण आली.