भाव न विचारण्याचा नियम

लालचंद शेठ शिंकेनासे झाले होते, आणि त्यांच्या बायकोच्या, राजकुंवरच्या, डोक्यातून ही काळजी काही केल्या जात नव्हती.

दोंडाईच्यात खाली मिरचीचं आडत दुकान, वर राहतं घर. हंगामात पोती सोडली की तिखट धुळीचा खकाणा जिन्यावरून वर यायचा आणि घरातलं प्रत्येक माणूस शिंकायचं. सगळ्यात मोठी शिंक लालचंदांची. आता ते मागच्या खोलीत दार लावून बसत. तिथवर ठसका पोहोचतच नव्हता.

काम त्यांनी कमी केलं तेही बेताबेतानं. आधी दुपारचं दुकान सोडलं. मग फक्त बाजाराच्या दिवशी खाली उतरू लागले. मुलगा मनन हाताशी आला होता, त्याच्यावर सोपवून सुखानं बाजूला व्हायचं, एवढंच मनात होतं. पण माणूस बाजूला बसला तरी तोंड बाजूला बसेना. मनन मोबाइलवर मिरचीचा फोटो मागवून भाव सांगायचा.

"फोटोला वास येतो का रे?" लालचंद विचारायचे.

"पप्पा, वास घेत बसलो तर माल शेजारच्या दुकानात जातो."

"जाऊ दे. ओला निघाला तर त्याच्याकडेच कुजेल."

हमाल तोंड फिरवून हसायचे. एकदा मनन त्यांच्यासमोरच म्हणाला, "एक तर गादीवर तुम्ही बसा, नाहीतर मी."

दुसऱ्याच दिवशी लालचंदांनी जैन स्थानकात जाऊन महासतीजींकडून, तिथल्या साध्वींकडून, नियम घेतला. धंद्याविषयी बोलणार नाही, भाव विचारणार नाही. जन्मभर. जेवताना राजकुंवरला तेवढं सांगितलं आणि वर म्हणाले, "मननला कळू देऊ नकोस. त्याला वाटेल, रुसून घेतला. आणि नियम काही मिरवायचा नसतो."

तिला त्या दिवशी हलकंच वाटलं होतं. बापलेकांची रोजची खडाजंगी ऐकून ती थकली होती. मनन जळगावला वेगळं दुकान थाटायची भाषा करू लागला होता. आता घर शांत झालं. "मम्मी, पप्पा किती निवळले गं," मनन म्हणाला, तेव्हा ती नुसती हसली.

पण धंदा वजा केल्यावर लालचंदांपाशी बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. पावसाचं काढलं की गोष्ट पिकावर यायची, पिकावरून भावावर. म्हणून त्यांनी पाऊसही सोडला. सून चेलनानं लोणच्याची मिरची निवडायला पुढ्यात ठेवली, तर हात मागे घेऊन त्यांनी राजकुंवरकडे पाहिलं.

"हे धंद्यात येतं का?"

"घरच्या लोणच्यात कसला आलाय धंदा?"

"नको. जीभ घसरेल."

आणि मग मालपूरचा उखर्डू आला. मिसरूड फुटल्यापासून याच दुकानात मिरची घालणारा शेतकरी. लालचंद त्याची मिरची मोडून वास घ्यायचे, दणकून शिंकायचे, आणि उखर्डू अख्ख्या बाजाराला ओरडून सांगायचा, "शेठ शिंकनात! आते भाव चढी!"

या वेळी खाली माल उतरवून तो मुद्दाम जिना चढून वर आला. लालचंदांचा चेहरा उजळला. उखर्डूनं खिशातून एक लालबुंद मिरची काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"दखा शेठ. औंदा कशी शे?"

लालचंदांची बोटं देठापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"चहा घे," ते म्हणाले.

"चहा लिसू. आधी मिरची कशी शे ते सांगा ना."

"पोरं बरी आहेत?"

"पोरं बरी शेतस. मन्हावर राग शे का शेठ?"

लालचंदांनी नाही म्हणून मान हलवली. उखर्डू वाट बघत राहिला. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. "मोठा माणूस व्हई गयात तुम्ही," म्हणाला आणि टोपी सारखी करत जिना उतरला. राजकुंवर त्याच्यामागे धावणार होती. लालचंदांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि ती दारातच अडली.

ती मिरची त्यांनी खिडकीत ठेवली, न मोडता. ऊन सरकलं की तिला उन्हात सरकवायचे.

आज बाजाराचा दिवस. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उखर्डू आला होता का गं?"

खोटं बोलावं असं तिला वाटलं. "आला होता," ती म्हणाली. "माल समोरच्या दुकानात घातला त्यानं."

"बरोबर आहे त्याचं," लालचंद म्हणाले. त्यांनी खिडकीतली मिरची उचलून नाकाशी नेली. न मोडलेल्या मिरचीला कसला वास येणार? त्यांनी ती परत जागेवर ठेवली आणि चादर ओढून भिंतीकडे तोंड केलं. अजून दिवेही लागले नव्हते.

राजकुंवरनं फळीवरचा त्यांचा मोबाइल उचलला.

"कोणाला लावतेस?" भिंतीकडूनच आवाज आला.

"मालपूरला. सगळं सांगून टाकते."

"माझा नियम..."

"नियम तुमचा आहे. तुम्ही बोलूच नका. तो येऊन बसेल, तो बोलेल. ऐकायला कुठं बंदी घेतलीय तुम्ही?"

एकदा सांगितलं की उखर्डू बाजारभर करणार, हे तिला ठाऊक होतं. मननच्या कानावर जाणार. पुन्हा खटके उडतील, कदाचित जळगावचं दुकानही निघेल, आणि मग ती दोघांच्या मधे उभी राहून रडेल. तिनं चष्मा लावला आणि उखर्डूचं नाव शोधू लागली.