‘येजो’ म्हणजे आत्ता नाई

आमच्या धावपट्टीवर काही झालं का साहेब लेखी खुलासा मागतात. खुलाशात अर्धीच गोष्ट मावते. उरलेली अर्धी चहाच्या टपरीवर येते अन् तिचा किस्सा होते. असे लय जमले.

आधी जागा सांगतो. सेलूच्या पलीकडे विमान चालवणं शिकवायची एक छोटी शाळा हाये. मधात धावपट्टी. विमानाचं शेड तिच्या एका बाजूले अन् इंधनाची टाकी दुसऱ्या बाजूले. काऊन? कोणालेच मालूम नाई. म्हणून इंधन भरायचं तं विमान ट्रॅक्टरले जोडा, पट्टी ओलांडून न्या, भरा, पुन्हा ओलांडून आणा. अन् त्याच पट्टीवर शिकाऊ पोरं उतरून राह्यले असतात!

टॉवर म्हणजे जिन्यावरची एक खोली. तिथं मनोहरभाऊ, वडनेरचा माणूस. तो वॉकीटॉकीवर ‘जा’ म्हणन तेव्हाच ओलांडायचं.

*

ट्रॅक्टरवर नवीन ड्रायव्हर आला, ओंकार. पुण्याचा. पहिल्याच हप्त्यात मी मनोहरभाऊचा आवाज काढून वॉकीटॉकीवर बोललो, “ओंकार, विमानाले हॉर्न बसवाचा हाये. माप घेऊन ये.”

त्यानं टेपनं पंख्याचं माप घेतलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं अन् वर टॉवरमधी नेऊन दिलं. मनोहरभाऊनं कागद नीट वाचला. “लहान पडते,” म्हणे. “ट्रकचा नाई बसणार. स्कूटरचा पाह्य.”

मंग खाली आला अन् माह्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला. “लेका, मस्करी टपरीवर कर. वर विमानात माणूस असते.”

*

पट्टीच्या टोकाले पार्वताकाकूचं वावर लागते. वांगे, मेथी, सांबार. एक दिवस डब्यात वरण होतं, वरून घालायले काही नव्हतं. मी ओंकारले म्हटलं, “जाय, सांबार घेऊन ये.”

पोरगा मोटारसायकलनं सेलूले गेला. तासाभरानं आला. डब्यात गरम सांबार, संगं दोन इडल्या!

काकू बांधावर उभी होती, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन. “बापू,” ती म्हणे, “तुमच्या पुण्यात सांबार पातळ उगवते काय?”

तेव्हा आम्ही लय हासलो. हासाले नाई पाह्यजे होतं.

*

चारच दिवस झाले असतील. ओंकार विमान जोडून पट्टीच्या काठावर उभा. वर एक शिकाऊ पोरगी उतरायले वळली होती. ओंकारनं विचारलं, “येऊ का?”

मनोहरभाऊ म्हणाला, “येजो.”

आता आमच्याकडे ‘येजो’ म्हणजे ये, पण मंग. सवडीनं. ‘घरी येजो’ म्हटलं तं कोणी तेव्हाच उठून मागं चालत नाई. ओंकारले फक्त ‘ये’ ऐकू आलं. तो आला!

पट्टीच्या मधोमध ट्रॅक्टर, मागं विमान, समोरून विमान. पोरीनं शेवटच्या घडीले नाक वर उचललं अन् ओंकारच्या डोक्यावरून निघून गेली. त्याची टोपी उडाली. ती मंग कोणी शोधलीच नाई.

सगळ्यांनी माह्याकडे पाह्यलं. मी दोन्ही रिकामे हात वर केले. मले जन्मात कधी एवढं भेव नव्हतं वाटलं.

मनोहरभाऊ जिना उतरून आला. “त्याच्याकडे नका पाहू,” म्हणे. “आवाज माहाच होता.”

*

साहेब म्हणाले, ओलांडणं कमी करा, नाई तं पट्टी बंद.

मनोहरभाऊनं आधी तोंडाले कुलूप लावलं. टॉवरमधी दोनच शब्द, ‘थांब’ अन् ‘जा’. घरून वहिनीचा फोन आला, जेवायले येता काय? तो म्हणाला, “थांब.” वहिनी दोन दिवस बोलली नाई.

ओंकार म्हणाला, “भाऊ, शब्द बदलला तरी पट्टी मधेच आहे ना. टोकाला वळसा घालून गेलो तर ओलांडायलाच नको.”

वळसा नेमका काकूच्या वावरातून जात होता.

साहेब नकाशा घेऊन गेले. काकू म्हणे, “काऊन देऊ? माही मेथी विमान खाते काय?” साहेब परत आले.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ एकटाच गेला. मी मागं होतो. तो चप्पल काढून बांधावर बसला. “काकू, माह्या तोंडातून एक शब्द गेला, अन् दोन लेकरं मरत होते.”

काकूनं विळा घेतला अन् त्या पट्ट्यातली मेथी कापाले बसली. कापता कापता म्हणे, “वाट देतो. पण वावर माहंच राह्यन.”

*

वळशाचं उद्घाटन झालं. नारळ फुटला. साहेब लोकं टॉवरमधी उभे. ओंकार पहिलं विमान घेऊन वळशानं निघाला. पट्टी मोकळी, वर पोरं निवांत उतरून राह्यले. अर्ध्या वाटेत ट्रॅक्टर थांबला.

मनोहरभाऊनं विचारलं, “ओंकार, काऊन थांबला?”

“भाऊ, समोरून वांग्याची बैलगाडी आडवी जाते आहे.”

साहेबांनी मनोहरभाऊचा वॉकीटॉकी ओढून घेतला. “कोणाच्या परवानगीनं?”

जराशी खरखर झाली. मंग काकूचा आवाज आला.

“माह्या!”

साहेबांनी वॉकीटॉकी मनोहरभाऊले परत दिला. तो खुर्चीतून उठून उभा झाला.

“रॉजर, काकू.”