आतून ठोकळा धरणारा

भाचीने बापाच्या डोक्यात गरम इस्त्री घातली, ती एका मंगळवारी सकाळी. बाप तेव्हा आईचे केस मुठीत धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होता. इस्त्रीचं टोक त्याच्या कानामागे घुसलं. सात टाके पडले. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून त्याने तक्रार केली नाही. पुन्हा घरात दिसलीस तर जिवंत ठेवणार नाही, एवढंच म्हणाला. दुपारी ती वीस वर्षांची पोरगी कपड्यांची पिशवी घेऊन मामाच्या गॅरेजात येऊन उभी राहिली. बाहीवर रक्त वाळून कडक झालं होतं.

मामा म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा मिस्त्री. पत्र्यावर हात चालायचा तेवढी जीभ चालायची नाही. बहिणीला पडणारा मार त्याला बावीस वर्षं ठाऊक होता. दर वेळी तो जायचा, मेहुण्यासमोर बसून चहा प्यायचा, "भाऊजी, जरा दमानं घ्या," म्हणायचा आणि खाली मान घालून परत यायचा. तो चहा त्याला कधी पचला नाही.

म्हणून भाची आली तेव्हा त्याने स्वतःच्या अकलेने उपाय काढला. मागच्या अंगणात भंगारातली दारं पडली होती. त्याने तिच्या हातात मोठा हातोडा दिला.

"हे दार म्हणजे तुझा बाप समज. काढ सगळा राग. मोकळी हो."

ती आठवडाभर ठोकत राहिली. तळहात सोलवटले, दांडा रक्ताने चिकट झाला, डोळ्याला डोळा लागेना. पण मोकळी काही झाली नाही. उलट भांडं पडलं तरी अंगावर जाऊ लागली. गॅरेजातला रंगारी तसा थट्टेखोर. एकदा जाता जाता म्हणाला, "अगं, मेलं ते दार केव्हाच. आता तरी सोड त्याला." तिने हातोडा त्याच्यावरच भिरकावला. तो त्याच्या टाळूवरून गेला आणि मागच्या गाडीची काच खळ्ळकन फुटली.

रंगारी खाली बसला तो उठेचना. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुझ्या भाचीचा नेम कच्चा, म्हणून आज जेवायला आहे मी."

कोणी हसलं नाही. भाची भिंतीला टेकून उभी होती. "मामा, मी त्याच्यासारखीच झालेय का?"

कोणासारखी, ते विचारायची गरज नव्हती.

मामाने ते दार उचलून पाहिलं. मार खाऊन खाऊन पत्रा ताणला गेला होता. बोटाने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होत होता. असा पत्रा पुन्हा कशाच्याच कामाचा राहत नाही. प्रत्येक नवशिक्याला तो हेच सांगत आला होता, की जोरात मारल्याने पोचा निघत नाही, पत्रा तेवढा वाया जातो. आणि घरच्या पोरीला मात्र त्याने जोरातच मारायला लावलं होतं. आपल्या शहाणपणाची त्याला शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे तरुण मुलांशी बोलायला एक बाई बसायच्या. त्यांनी विचारलं, "राग अंगात आधी कुठे येतो?" मामाला वाटलं, हा काय प्रश्न झाला? पण पोरीने विचार केला.

"कानशिलांत. आधी ती तापतात. मग ऐकूच येत नाही काही."

"मग ती तापली की मोठ्याने कुणाला तरी सांगायचं. आणि उत्तर येईपर्यंत हात थांबवायचा."

मामा खुर्चीत ताठ झाला. हे त्याला कळत होतं. गाडीच्या टपासारखा मोठा पत्रा असला की दोघं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा लावतो. त्याच्या गॅरेजात मारणाऱ्याने आधी "धर" म्हणायचं आणि आतून "धरलंय" आल्याशिवाय हातोडी खाली आणायची नाही, असा दंडक होता. विशीत असताना तो स्वतःच एकदा घरून भांडून आला होता आणि उत्तराची वाट न बघता त्याने घाव घातला होता. आत जोडीदाराची दोन बोटं होती. त्यांचा चेंदा झाला. तो जोडीदार म्हणजेच हा रंगारी. आता तीन बोटांनी रंग मारतो.

त्या दिवसापासून भाची हलक्या हातोडीवर आली. कडेकडेने, टिचकीएवढे घाव, मधे थांबून तळव्याने चाचपणं. ठरल्या वेळी झोपणं, दर आठवड्याला बाईंकडे जाणं, आणि हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला आवाज न चढवता नाही म्हणणं. मधेच ओरडायची, "मामा, कानशिलं." मामा म्हणायचा, "ऐकलं." एकदा सांगायची राहिली आणि भिंतीवर मूठ मारून तिने करंगळी मोडून घेतली. पण सहा महिन्यांत तेवढंच.

मग एके सकाळी आईच घर सोडून मामाकडे राहायला आली. दुपारी बाप गॅरेजात शिरला.

"कुठे लपवलंय तिला? या कार्टीनेच फूस लावली."

मामा हातातला ठोकळा तसाच घेऊन पुढे झाला. "भाऊजी..."

मेहुण्याने बाकावरचा पाना उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. मग त्याने पोरीचे केस धरले आणि तिचं डोकं गाडीवर आपटलं, एकदा, दोनदा. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तिसऱ्या वेळी तिने कोपर त्याच्या गळ्यावर हाणलं. तो खोकत गुडघ्यांवर आला. बाकावर मोठा हातोडा होता, तो तिने दोन्ही हातांनी वर उचलला. खाली बापाचं डोकं होतं, कानामागे सात टाक्यांचा वण.

"धर," ती म्हणाली.

सवयीने गेलं ते तोंडातून. मामा रक्त गिळत उभा होता, हातात अजून ठोकळा. आता 'धरलंय' या एकाच शब्दाचं अंतर होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर होता; बावीस वर्षांचा चहा त्यामागून ढकलत होता.

"मामा, धर."

मामाने ठोकळा फरशीवर टाकला. गॅरेजभर आवाज घुमला. "नाही धरलं," तो म्हणाला. "हात रिकामा आहे माझा."

हातोडा हवेत तसाच.

"मामा, कानशिलं."

"ऐकलं गं."

तिने हातोडा गाडीच्या टपावर ठेवला. बाप उठायला लागला तसा रंगारी त्याच्या पाठीवर जाऊन बसला. "बसा हो. मी काही मारत नाही, नुसता जड आहे."

चौकीवर तिने सगळं सांगितलं. हवालदार मधेच बोलला तेव्हा म्हणाली, "मला पुरं करू द्या, मग विचारा." शेवटी म्हणाली, "त्या मंगळवारी इस्त्री मी घातली. तेही लिहा."

हवालदार मामाकडे वळला. मामाचं तोंड सुजून भाकरीएवढं झालं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. भाचीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"माझंही लिहा," तो म्हणाला. "बावीस वर्षं मी बघत आलोय. पहिल्यापासून सांगतो."