अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा

गोरव्यातल्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. व्हॉल्व्हची ओतीव अंगं माझ्या टेबलावर यायची आणि त्यांतली खोट मी शोधायची. "दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा यांना पगार मिळतो," असं आमची ही माहेरी सांगायची, आणि "घरी मात्र फुकट काढतात," असं पुढे जोडायची. तिचं खरं होतं. पोळीचा काठ जाड राहिला तरी माझं नख आपोआप त्यावरून फिरायचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, उत्तरायणाचे, म्हणजे इकडच्या संक्रांतीचे, दोन दिवस आम्ही गच्चीवर काढले. पतंग मी उडवतो, फिरकी ही धरते. त्या उन्हाने हिच्या कपाळाची सालं निघाली, म्हणून घराजवळच्या, सुभानपुऱ्यातल्याच एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कपाळाला त्यांनी मलम दिलं. मग हिच्या डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढे जो तीळ आहे, त्याकडे दिवा लावून बराच वेळ पाहिलं. तीळ लहानपणापासूनचा, त्याच्याकडे कोणी लक्ष द्यावं असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

"आत्ता काळजीचं काही दिसत नाही," त्या गुजरातीत म्हणाल्या, "पण लक्ष ठेवा. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा आणि तीन महिन्यांनी मला पाठवा. मधे आकार, रंग, कडा, काहीही बदललं तर लगेच या. अशा तिळाचा कधी कधी कॅन्सर होतो."

हिचा हात गालाकडे गेला. मी विचारलं, "किती अंतरावरून काढायचा?"

आता मागे वळून पाहताना या प्रश्नाचं माझं मलाच हसू येतं आणि रागही येतो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. माझ्या जुन्या फोनच्या भिंगाला तडा गेलेला, म्हणून दिवाळीत घेतलेला हिचा फोन ताब्यात घेतला. पहिला फोटो धूसर आला. फोन वाईट आहे असं म्हणून मी मोकळा झालो नाही. आधी भिंग पाहिलं. हिचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर असतो, त्यामुळे भिंगावर कायम तेलाचा हात. चष्म्याच्या फडक्याने पुसल्यावर निम्मा धूसरपणा गेला.

उरलेल्या निम्म्यासाठी मी आठवडाभर खपलो. फोन गालाच्या फार जवळ नेला की भिंगाला नजर स्थिरावता येत नाही, हातभर लांब ठेवावा लागतो. लांबून झूम करण्यात अर्थ नाही. ते म्हणजे पाणी घालून ताक वाढवणं. बटण दाबताना बोटाच्या धक्क्यानेही फोटो हलतो, म्हणून फोन पोह्यांच्या डब्याला रबराने बांधायचा आणि टायमर लावायचा. उजेड उत्तरेचा हवा, तो मागच्या गॅलरीत सकाळी साडेनऊला मिळतो. खुर्चीच्या चारी पायांभोवती मी फरशीवर खडूने खुणा केल्या. आणि तपासणीच्या फोटोत माप असलंच पाहिजे, म्हणून कारखान्यात वापरलेली माझी पोलादी पट्टी काढली. तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा आहेत. ती पट्टी हिने तिळाखाली गालाला लावून धरायची.

"गार लागतंय ने," ही म्हणायची. "आणि मला नाही फावत हे असं मान आखडून बसायला."

"हलू नकोस. शार्पनेस जातो."

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला एक फोटो. मी तो पडद्यावर मोठा करायचो, रेघा मोजायचो. आठ रेघा, म्हणजे चार मिलिमीटर. पुढच्या महिन्यातही आठ. त्याच्याही पुढच्या महिन्यात आठच. "पास," असं मी मोठ्याने म्हणायचो आणि ही खुर्चीवरून उठून कुकर लावायला जायची.

मार्चमध्ये केव्हातरी ती म्हणाली, "अहो, तोंड पुसताना टॉवेल इथे अडकल्यासारखा होतो."

मी तिला दोन्ही महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. "हे बघ. काही फरक आहे? तूच सांग."

तिने पाहिलं. "नाही दिसत," म्हणाली. तिला पटलं, असं मी समजलो.

एप्रिलअखेर तिन्ही फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवले, तेही डॉक्युमेंट म्हणून. साधे पाठवले तर व्हॉट्सॅप फोटो पिळून लहान करतं आणि बारकावा जातो, हेही मी एव्हाना शोधून काढलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "फोटो फार छान काढलेत, काका. सारखेच दिसतायत. काकींना काही त्रास? खाज, खडबडीतपणा?" ही आतून काहीतरी बोलली, त्यात टॉवेल हा शब्द होता. मी म्हणालो, "नाही नाही, काही नाही." फोटो छान काढलेत, हे वाक्य मला आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.

जूनचा फोटो इतका सुरेख आला की मोजून झाल्यावरही मी तो बघत बसलो. पट्टीवरच्या रेघा इतक्या रेखीव की नखाने टोकराव्यात. पट्टीच्या कोपऱ्यावरचा गंजाचा ठिपका दिसत होता, कानातल्या कुडीच्या मोत्यांवरची चमक वेगवेगळी दिसत होती. आणि गाल? गालही सुंदर होता. बासष्ट वर्षांच्या बाईच्या गालावर डोळ्याखाली एक सुरकुती नाही, एक छिद्र नाही, एक लव नाही.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पट्टी गालाला चिकटलेली. दोन्ही भिंगापासून सारख्याच अंतरावर. फोकस चुकला असता तर पट्टीच्या रेघाही फिसकटल्या असत्या. मग एकाच फोटोत पोलाद स्पष्ट आणि कातडी गुळगुळीत, हे कसं? कारखान्यात फार स्वच्छ दिसणाऱ्या भागावर आम्ही आधी संशय घ्यायचो. त्यावर घासलेट लावायचं, पुसायचं, वरून खडू फासायचा. भेग असेल तर आत शिरलेलं घासलेट खडूवर ओली रेघ काढून दाखवतं. इथे घासलेट कशावर लावणार?

ही भजनाला गेली होती. मी आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःच्या गालावर तीन ठिपके काढले. एक काळ्या बॉलपेनचा, एक पेन्सिलीचा आणि एक चहाच्या चोथ्याचा, फिकट तपकिरी. डब्याला बांधलेल्या फोनसमोर पट्टी धरून बसलो. फोटोत बॉलपेनचा ठिपका होता. पेन्सिलीचा जवळजवळ गेला होता. चहाचा डाग तर नव्हताच. तेच तीन ठिपके दंडावर काढले. तिन्ही जसेच्या तसे आले! म्हणजे फोनला चेहरा ओळखू येतो आणि चेहरा दिसला की तो इस्त्री फिरवतो. मला इतका आनंद झाला की देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचाही फोटो काढून पाहिला, पण तो मुळातच गुळगुळीत, त्यामुळे काही कळलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या बेन वाटीत हांडव्याचे खमंग तुकडे घेऊन आल्या. दारात माझा चेहरा बघून थबकल्या. "काका, आ शुं कर्युं?"

"काय केलं? प्रयोग केला," मी म्हणालो. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि आणखी काही न विचारता गेल्या.

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात चेहऱ्याचं एक लहानसं चित्र होतं, ते मी आजवर कधी दाबलं नव्हतं. दाबल्यावर एक आडवी पट्टी उघडली. त्वचा नितळ करण्याची. ती पाऊण भरलेली होती. मी ती शून्यावर आणली आणि स्वतःचा फोटो पुन्हा काढला. तिन्ही ठिपके हजर. वर दाढीचे खुंट, गालफडावरची जुनी खोक, सगळं.

ही परत आली तेव्हा मी त्याच अवतारात होतो. "हे कोणी लावलं होतं?" मी फोन पुढे केला.

"मीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या भजनातल्या सगळ्यांचं लावलेलं आहे." तिने माझ्या गालाकडे पाहिलं. "का? आणि हे काय फासून घेतलंय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पोलाद, कातडी, चहाचा डाग. फिकट तपकिरी रंग फोन कसा गिळून टाकतो ते अगदी रंगवून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आपल्या लग्नाच्या फोटोतही त्या फोटोवाल्याने तीळ पुसला होता. तेव्हा तुम्ही त्याच्या दुकानात जाऊन भांडला होतात. म्हणालात, माझ्या बायकोचा तीळ परत आणून दे."

मी हसलो. आणि हसता हसताच थांबलो. फिकट तपकिरी रंग गेले चार-पाच महिने फोन गिळत होता. त्याखाली काय होतं?

"गॅलरीत चल," मी म्हणालो.

तिला खुर्चीवर बसवलं. फोन आत राहिला. कारखान्यातून निघताना सोबत आणलेलं भिंग काढलं आणि उजेडाकडे तिचा गाल वळवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मी तर कांकण सोडून आरसाच घासत बसलो होतो. मधला काळा भाग होता तेवढाच होता, आठ रेघांचा. पण त्याच्याभोवती फिकट तपकिरी कड पसरली होती, एका बाजूला खाचेची, दुसऱ्या बाजूला गालात ओघळल्यासारखी. मी तिच्या गालावरून हलकेच नख फिरवलं. नख अडलं. तेहतीस वर्षं, नख अडलं की मी तो भाग बाजूला काढून लाल खूण करत आलो होतो. मी घाबरलो. इतका घाबरलो की तिने मला विचारलं, "काय झालं हो?" आणि मला तिला खोटं सांगावंसं वाटलं.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन दिवसांनी त्यांनी तीळ भोवतालच्या कातडीसकट काढला आणि तपासायला पाठवला. अहवाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस ही भजनाला गेली, लोणच्याच्या कैऱ्या आणल्या, फोडल्या. मी काही केलं नाही. बसून फक्त हिशेब करत राहिलो की मार्चमध्ये मी टॉवेलचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, आणि दर वेळी उत्तर एकच येत होतं.

अहवाल आला. भीती होती तेच निघालं. पण सुरुवातीचं होतं, खोल गेलं नव्हतं, काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या होत्या. "पूर्ण निघालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी मी स्वतः बघणार." मी तो कागद चार वेळा वाचला. मग न राहवून विचारलं, "फोटोंमुळे उशीर झाला का?"

"थोडा झाला," त्या म्हणाल्या. "फोटो मीही पाहिले होते, काका. मलाही नाही कळलं." मग वही ओढून म्हणाल्या, "खडबडीत कधीपासून लागायला लागलं?"

"एक जूनला मी पहिल्यांदा..." मी सुरुवात केली.

त्यांनी हात वर केला. "काका, तमे नहीं. काकी, तमे बोलो."

ही जरा सावरून बसली. "होळीपासून," म्हणाली. "आधी टॉवेल अडकायचा. मग उशीला लागायचं. एप्रिलमध्ये एकदा रक्ताचा ठिपका आला होता अभ्र्यावर."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अभ्रा तिने केव्हा धुतला, हेही मला माहीत नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदा सांगितलं होतं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मग नाही सांगितलं. रिटायर झाल्यापासून हे दोन वर्षं नुसते खिडकीत बसून असायचे, बेन. जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. फोटो काढायला लागले आणि पुन्हा सकाळी उठून दाढी करायला लागले. एक तारखेची वाट बघायचे. म्हटलं, एवढ्याशा तिळासाठी यांचं काम कशाला मोडू."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मी हिचा हात धरला, दुसऱ्या कोणासमोर बहुधा पहिल्यांदाच, पण मान वर करून तिच्याकडे बघणं काही मला जमलं नाही.