शेवटी एकत्र राहिलो ते ठिकाण

हे मी आईला सांगितलं नाही, वकिलालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आजही गप्पच बसलो असतो.

मी फिटर. लग्नानंतर जळगाव जिल्ह्यात, दीपनगरजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चार वर्षं राहिलो. रेखा फैजपूरची, एकुलती एक. तिच्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिची आई आधीच वारलेली. रेखा त्यांचं करायला माहेरी गेली आणि तिथलीच होऊन राहिली. मी बोलावलं की म्हणायची, "यांना कोणावर टाकून येऊ?" तिचं बरोबर होतं, म्हणूनच राग होता. पुढे मला धुळ्याला काम लागलं. मी एकटाच गेलो, एमआयडीसीजवळ खोली घेतली. त्या खोलीचा उंबरा रेखाने कधी पाहिला नाही. एवढं लक्षात ठेवा.

दोन वर्षं अशीच गेली आणि बायको टाकून गेली या कारणावर घटस्फोट मागायला मी वकिलाकडे गेलो. त्यांनी आधी तीन गोष्टी विचारल्या. लग्न कुठे लागलं? फैजपूरला. बायको कुठे राहते? फैजपूरला. शेवटी दोघं एकत्र कुठे राहिलात? दीपनगरला.

"मग धुळ्यात दावा चालणार नाही," ते म्हणाले. "जळगाव जिल्ह्यातच टाकावा लागेल."

सरळ माणूस. आणि मी? तिकडच्या कोर्टात आमची घरमालकीण साक्षीला आली असती, शेजारी आले असते. सगळ्यांना ठाऊक होतं, रेखा मला सोडून गेली नव्हती, बापाकडे गेली होती. मी दोन दिवसांनी पुन्हा वकिलाकडे गेलो आणि म्हणालो — साहेब, एक सांगायचं राहिलं. मी धुळ्याला आल्यावर ती पंधरा दिवस माझ्या खोलीवर राहून माहेरी परत गेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्यांनी लिहिलं. खाली 'वरील मजकूर खरा आहे' असं होतं. तिथे मी सही केली.

पण थांबा — एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. खोटं बोललो ते साक्षीदारांच्या भीतीने, असं मी स्वतःलाही बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं. नानांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. फैजपूरहून धुळ्याला यायचं तर पहाटे निघून जळगावला गाडी बदलायची, पारोळ्यावरून पुढे यायचं, आणि परत घरी पोचेपर्यंत दिवस संपलेला. ती येऊच शकणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच धुळे. हे मी ठरवलं होतं, शुद्धीत, चहा पिता पिता.

तरी पहिल्या तारखेला ती आली. एकटी, घामाने डबडबलेली, वकील नाही. कोर्टाने तिला लेखी म्हणणं द्यायला पुढची तारीख दिली. बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं. भांडली नाही. खरंच आठवत नसल्यासारखं विचारलं, "अहो, आपण धुळ्यात कधी राहिलो?"

मी म्हणालो, "वकिलाला विचार." आणि जिना उतरलो.

त्या संध्याकाळी तिच्या शेजारच्या अक्कांचा फोन आला. त्या नानांकडे लक्ष ठेवणार होत्या, पण दुपारी त्यांना शेतावर जावं लागलं. "भाऊ, नाना दुपारपासून खाली पडेल व्हते. कोणाले हाक मारतील? वाचाच नाही. रेखा तुमच्याच कोर्टात आली व्हती ना?" खुब्याचं हाड मोडलं होतं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर ती एकाही तारखेला आली नाही. दावा एकतर्फी चालला. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, धुळ्यात पत्नी किती दिवस होती? मी पंधरा दिवस म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं तरी पुढे सांगितलं — खिडकीत तिने तुळस लावली होती. असं कसं सुचलं मला? माणूस इतक्या सहज खोटं रंगवतो?

निकाल माझ्या बाजूने लागला. पडल्यापासून नाना खाटेवरून उठले नाहीत, चौथ्या महिन्यात गेले. मी मातीला गेलो नाही. रेखाने अपील केलं नाही. ती आता फैजपूरला ब्लाउज शिवते, असं ऐकतो.

गेल्या वर्षी मी त्याच वकिलांकडे जाऊन बसलो. माझं नाव न घेता विचारलं, समजा एखाद्याने कोर्टाला खोटं ठिकाण सांगितलं असेल तर? त्यांना कळलं होतं. म्हणाले, "त्याने स्वतः जाऊन सांगावं. निकाल मोडू शकतो. शपथेवर खोटं बोलल्याचा खटला त्याच्यावर होऊ शकतो. पण निदान कागदावर तरी, बायको नवऱ्याला टाकून गेली, हे राहणार नाही."

कोर्ट माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर आहे. मी रोज त्याच रस्त्याने कामाला जातो. आत गेलेलो नाही.