मध्ये जाऊन उभं राहणं

टोरांटोपासून चार-साडेचार तासांवरच्या कनाटा उपनगरात घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी मी आणि माझी मुलगी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. शेजारच्या बेसमेंटमध्ये दिल्लीकडचं एक जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. नवरा गाडीजवळ बायकोवर ओरडत होता. ओरडता ओरडता त्याने तिचा दंड धरला आणि तिला गाडीवर ढकललं.

नागपूरला, आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, बाबा आईला मारायचे. मी धाकट्या भावाला घेऊन मोरीत बसायचे आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. भिंतीपलीकडच्या काकूंना मात्र सगळं ऐकू जायचं. आवाज चढला की त्या विरजण मागायला यायच्या. विरजण मिळालं तरी दारातून हलायच्या नाहीत. भाजी काय केली, पोरीचा अभ्यास कसा चाललाय, विचारत राहायच्या. बाबा चपला घालून बाहेर पडले की मगच जायच्या.

मोठेपणीही कुणी आवाज चढवला की माझे हातपाय गार पडायचे, अगदी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. इथे एका समुपदेशक बाईंकडे वर्षभर गेले, तेव्हा कुठे घाबरलेली असतानाही पाय उचलता येऊ लागला. मार पाहून माणूस खंबीर होतो म्हणतात, ते मला पटत नाही. मला काकूंनी खंबीर केलं.

फावडं मुलीकडे देऊन मी गाडीपाशी गेले. आवाज साधाच निघाला. तिला म्हटलं, "चाय रखी है, आ जाओ." त्याला म्हटलं, "आप थोड़ा टहल आइए." तो तिच्यापासून बाजूला झाला. मग गाडी काढून निघून गेला.

आमच्या किचनमध्ये तिने चहा घेतला. पोलिसांना फोन करू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाली. मुलीने तिच्यापुढे बिस्किटं ठेवली आणि मला हळूच विचारलं, "आई, वेअरन्ट यू स्केअर्ड?"

"घाबरले होते ना," मी म्हटलं.

संध्याकाळी ती परत गेली. मी अडवलं नाही, फोन नंबर तेवढा दिला. मार्चमधल्या एका दुपारी तिचा फोन आला, "दीदी, बहन के घर छोड़ दोगी?" बहीण टोरांटोजवळ राहत होती. तिच्या बॅगा डिकीत टाकल्या आणि निघालो. वाटेत तिला गाढ झोप लागली. किंग्स्टनला कॉफीसाठी थांबलो तेव्हा जागी झाली, आणि पहिल्यांदाच तिने मला माझ्याबद्दल विचारलं.