क्लीनरच्या शर्टावरचा डाग

ती घटना आठवली की अजूनही आधी तो शर्ट दिसतो. छातीपासून खालपर्यंत लालभडक. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत, मोबाइल नव्हते, आणि पैठण रोडवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

चितेगावच्या साबण कारखान्यात तेल उतरवून निघालेल्या टँकरचा क्लीनर बेपत्ता झाला. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं खबर दिली, "साहेब, काल दोघांचं लई भांडण झालं. आज ड्रायव्हर एकटाच हाय, अन् सीटखाली लाल डागांनी माखलेला शर्ट कोंबलाय." आम्ही टँकर अडवला, पंचांसमक्ष शर्ट जप्त केला. क्लीनरची बायको बिडकीनहून आली. शर्ट ओळखला आणि ठाण्याच्या पायरीवरच मटकन बसली. "माझं कुंकू पुसलं हो साहेब!"

ड्रायव्हर एकच घोकत होता, "साब, ये खून नै, पाम तेल है. मां कसम."

हवालदार भडकला. "आम्हाला शिकवतो व्हय? रेशनचं पामतेल खातो मी. पिवळं असतं!"

खरंच होतं त्याचं. माझ्याही घरी तेच तेल होतं. कारखान्याला सुटी, टँकर आतून धुतलेला, त्यामुळे तेल पडताळायची सोय नाही, आणि भांडणाचं विचारलं की गडी विषय टाळायचा. खुनाचा गुन्हा दाखल करायची तयारी झाली होती. तरी मी त्याच्या अंगाला कुणाला हात लावू दिला नाही. सुकलेलं रक्त काळपट पडतं, कडक होतं. हे कापड तेलकटच होतं.

शर्ट सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि निकालासाठी स्वतः जाऊन बसलो. तिथले रासायनिक विश्लेषक बाहेर आले ते हसतच.

"रक्ताचा थेंबही नाही, साहेब. कच्चं पामतेल आहे."

"लाल?"

"फळाच्या गरातून निघतं तेव्हा लालच असतं. गाजरातलं कॅरोटीन यात भरपूर. शुद्ध करताना रंग जातो, म्हणून रेशनचं पिवळं. आणि गंमत म्हणजे त्याच फळाच्या बीचं तेल खोबरेलासारखं पांढरं! गराच्या तेलात पामिटिक आणि ओलिक आम्ल जास्त, बीच्या तेलात लॉरिक. फळ एक, तेलं दोन."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला. पण माणूस अजून सापडायचा होता.

ठाण्यात येऊन ड्रायव्हरला चहा दिला. "डाग तेलाचाच निघाला. आता भांडणाचं बोल."

त्याचे डोळे भरले. "व्हॉल्व्ह खोलताना त्याच्या अंगावर तेल उडालं साब. मी हसलो, वर शिव्या दिल्या. त्यानं शर्ट काढून माझ्या तोंडावर फेकला अन् जालन्याच्या ट्रकात बसून गेला. भांडण कबूल केलं असतं तर तुम्ही खूनच पक्का धरला असता."

क्लीनरची बहीण जालन्यात असते, हे त्याच्या बायकोकडून कळलं आणि बिनतारी संदेश गेला. जालन्याला बहिणीच्या घरी स्वारी निवांत भाकरी खात बसलेली सापडली!

त्याला ठाण्यात आणलं तेव्हा बायकोनं पाठीत दणदणीत गुद्दा घातला. "आवो, घरी सांगायला काय झालं व्हतं? मी हितं जिती मेले की!" आणि त्याच्याच खांद्यावर रडू लागली. हवालदार मधे पडायला निघाला, त्याला मी डोळ्यांनीच दटावलं. इतका आनंद त्या ठाण्यात मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकाही पंचनाम्यात मी ‘रक्ताचा डाग’ असं लिहू दिलं नाही. नवीन फौजदारांना सांगायचो, ‘लालसर डाग’ लिहा. कशाचा, ते प्रयोगशाळा ठरवेल. तोवर कुणाच्या बायकोला विधवा करू नका.